ॲपच्या तळाशी राहिलेले आभार

सगळ्यात आधी माझ्या घरमालकांचं नाव घ्यायला हवं. काय झालं, कसं झालं, मी किती घाबरले, हे मागून सांगता येईल. पण जबलपूरसारख्या परक्या गावात, हातात दहावीच्या पुढचा एकही कागद नसताना, मी आज ताठ मानेनं कामाला जाते ती या माणसामुळे. त्यांना मी काका म्हणते आणि इथेही काकाच म्हणणार. काकांबद्दल एकच वाक्य लिहायला सांगितलं तर मी असं लिहीन, की नर्मदेच्या दोन्ही काठांवर मिळून आभार मानायचं जेवढं काम निघतं, त्यातलं निम्मं काका एकटे करतात आणि उरलेलं निम्मं ते लोकांच्या मागे लागून करवून घेतात.

जबलपूरमधल्या महाराजपुरच्या ज्या कॉलनीत मी खोली घेऊन राहते तिथे भंडाऱ्याकडून कधीकाळी आलेली बरीच बौद्ध घरं आहेत. काका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते, आता निवृत्त. कॉलनीतल्या विहारात जयंती असो, पौर्णिमा असो की दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार असो, आभारप्रदर्शन काकांकडे. आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे लोकांनी चपला शोधायची वेळ. काकांच्या बाबतीत तसं नाही. ते उठले की लोक पुन्हा नीट बसतात, कारण आपलं नाव कधी येईल याचा नेम नसतो. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष वगैरे ते दोन वाक्यांत उरकतात आणि मग खऱ्या कामाला लागतात. माईकला वायर कमी पडली तेव्हा ज्यांनी घरच्या कूलरची काढून दिली ते, ज्या बाईंनी मुलांना स्टेजवर पळू दिलं नाही त्या, ज्यांच्या गेटला बॅनर बांधला ते, आणि ज्यांनी बॅनर बांधू दिला नाही पण सुतळी दिली तेही. एकदा वैतागून मंडपवाल्यानं मागून खुर्च्या घडी करायला घेतल्या, तर काका माईकवरून म्हणाले, "आणि आमचे मंडपवाले भैया, जे सांगायच्या आधी कामाला लागले, त्यांचेही आम्ही आभारी आहोत." बिचाऱ्यानं घडी केलेल्या खुर्च्या पुन्हा उघडल्या.

हे झालं विहारातलं. पण काकांचं आभारप्रदर्शन घरीही बंद नसतं. गॅसच्या बुकिंगला फोन केला की पलीकडून ती रेकॉर्ड केलेली बाई शेवटी धन्यवाद म्हणते. काका तिला उलट धन्यवाद म्हणतात आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत फोन ठेवत नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, ती मशीन आहे." तर म्हणाले, "आवाज तं कोण्या पोरीचाच आहे ना? बसली असंल ना बिचारी एक दिवस बोलत?" ई-रिक्षातून उतरताना ते ड्रायव्हरचे आभार मानतातच, पण शेजारी सरकून बसलेल्या माणसाचेही मानतात. तो माणूस गोंधळून आणखी सरकतो आणि रस्त्यावर येतो. काकू या सगळ्यावर जाम चिडतात. "भाजीवाल्याचे आभार मानते हा माणूस, अन् माह्या हातच्या भाजीचे कधी मानले का, विचार त्याले!" यावर काका मान वर न करता म्हणतात, "तू कोण बाहेरची आहेस का?" आणि दुसऱ्यांदा भाजी घेतात.

हसू येतं, पण काकांच्या या वेडाच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, कांदे चिरता चिरता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी नेमकं कशाचं ते मला सांगता येणार नाही. विहार पहिल्यांदा बांधला तेव्हा काकांचे वडील रोज कारखान्यातून सुटले की सरळ तिथे जायचे आणि लांबच्या नळावरून पाणी वाहून आणायचे. बांधकामाला पाणी, भिंतींवर मारायला पाणी, मिस्त्रीला प्यायला पाणी. पुढे दारात संगमरवरी पाटी बसली. वर्गणी देणाऱ्यांची नावं आली, शिमेंट देणाऱ्याचं आलं. "माह्या बापानं पाणी आणलं," काका म्हणाले. "दगडावर पाणी लिहीत नाही कोणी." आणि पुढचा कांदा घेतला.

आता मी कुठून आले ते थोडक्यात. कोकणात राजापूरच्या पुढे आमचं गाव. अकरावीत नाव घातलं होतं, पण वडील अंथरुणाला खिळले आणि मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गल्ल्यामागे बसायला लागले. तिथे बसल्या बसल्या फोनवरच ॲप बनवायला शिकले. कोणीतरी कुठेतरी फुकट शिकवत होतं, कोणीतरी फुकट सोडवून दाखवत होतं. जबलपूरची एक छोटी कंपनी कागद न बघता काम बघते असं कळलं आणि मी देशाच्या मध्यावर येऊन पडले. आल्यापासून मला एकच भीती, की एक दिवस कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल, "चलो बेटा, तुम्हारा सर्टिफिकेट दिखाओ." सरकारी दिसणारा कुठलाही मजकूर दिसला की मी तो न वाचताच पुढे सरकवते. फोनवर अटी आणि शर्ती आल्या की मी 'मान्य आहे' हे इतक्या झटकन दाबते, जणू वाचायला वेळ घेतला तर त्यांना माझा संशय येईल.

कंपनी जबलपूरच्याच गोरखपुर बाजारात, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे मी माझं पहिलं संपूर्ण ॲप केलं. रिछाई या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांसाठी. मशीनच्या सुट्या भागांवर क्यूआर कोडसारखी काळ्या चौकटींची लेबलं असतात. फोनचा कॅमेरा त्या लेबलावर धरायचा, की भाग कुठला, गोदामात किती उरलेत, सगळं समोर. कारखान्यांच्या संघटनेशी करार झाला होता, ॲपचा कोड कंपनीचा आणि गुप्त. ॲप पास झालं की माझी नोकरी पक्की व्हायची होती. नाही झालं तर काय, हे कंपनी चालवणाऱ्या सरांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी व्हरांड्यात मी मोठ्या अभिमानानं ॲप काकांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा लावला. काका कुठलीही गोष्ट वाचतात तेव्हा तळापासून वाचतात, कारण छोट्या माणसांची नावं तळाशी असतात असा त्यांचा अनुभव. ते सरळ ॲपच्या शेवटच्या पानावर गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले.

"आभार कुठी आहे?"

"कशाचे आभार, काका? ॲप आहे हे."

"अच्छा? मंग सगळं तू एकटीनंच बनवून राहिली का?"

"मीच बनवलं. म्हणजे… तयार तुकडे असतात, लायब्ररी म्हणतात. लोकांनी लिहून ठेवलेले. ते जोडायचे."

"कोन्त्या लोकांनी?"

"असतील कुठलेतरी," मी म्हटलं. काकांनी स्वतःचा फोन काढला आणि हवामानाचं एक ॲप उघडलं. सेटिंगच्या पोटात, जिथे जगात कोणीही जात नाही, तिथे 'ओपन सोर्स लायसन्स' अशी एक ओळ असते. काकांनी ती अंगठ्यानं दाबली आणि नावांची रांग सुरू झाली. "हे पाहा. नुसता पाऊस सांगायले किती लोकं लागले! मी रोज सकाळी थोडे थोडे वाचतो. हा एक माणूस पाहा, हा तुले बँकेच्या ॲपमधेही भेटंल, रेल्वेच्याही भेटंल. सगळीकडे मदतीले जाते. आपल्या मंडपवाल्यासारखा." नावांचं जे पान जगभरचे वकील नाइलाजानं लावायला सांगतात, ते काकांच्या मते फोनमधला सगळ्यात उत्तम कार्यक्रम होता. त्यांच्या डोळ्यांसमोर ते जगातलं सगळ्यात लांब आभारप्रदर्शन होतं, आणि मध्येच उठून कोणी चपला शोधत नव्हतं.

मी मात्र माझा फोन हळूच परत घेतला. कारण लायब्ररी घेताना प्रत्येकीबरोबर एक परवान्याची फाइल येते, हे मला माहीत होतं. आणि माझ्या सवयीप्रमाणे मी त्यातली एकही वाचलेली नव्हती.

"वाच," काका म्हणाले.

"काका, इंग्रजी आहे. कायद्याचं."

"तुले जेलमधी टाकतीन असं लिहिलं आहे का?"

"माहीत नाही."

"मंग वाच ना बापा. न वाचताच काहून भिऊन राहिली?"

आम्ही वाचायला बसलो. मी इंग्रजी अक्षर अक्षर लावत होते, अडलं की काका आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीनं रेटत होते. आणि जे निघालं ते वाचून मला रडू आलं. बहुतेक परवाने चिठ्ठीएवढे लहान. सारांश सगळ्यांचा एक: घे, वापर, बदल, विक, आमची काही हरकत नाही, मोडलं तर आमच्या नावानं ओरडू नको, फक्त आमचं नाव आणि ही चिठ्ठी बरोबर राहू दे. काका चष्मा काढून बसले. "इतकं फुकट देऊन राहिले, अन् मागून काय राहिले? नाव! अन् तेही तू दिलं नाही."

काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "एवढं काय वाचत बसले? हे तं भांड्यायसारखंच झालं की." कॉलनीत कोणाकडे कार्य निघालं की घराघरांतून भांडी मागून आणतात, आणि प्रत्येक भांड्यावर त्या त्या घरचं नाव कोरलेलं असतं. "ज्याच्या घरचं पातेलं आहे त्यानं कधी विचारलं का, की तू त्याच्यात खीर केली का रस्सा? जेवणाचे पैसे घेतले का फुकट वाढलं? नाही. फक्त नाव खरडून काढू नको म्हणते. एवढंच तं आहे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नावांचं एक पान केलं की झालं! मी हसायला लागले, आणि हसता हसता शेवटची फाइल उघडली. ती कॅमेऱ्यानं लेबल वाचणाऱ्या लायब्ररीची होती, म्हणजे माझ्या ॲपचा डोळाच. ती फाइल चिठ्ठीएवढी नव्हती. ती संपेचना. आणि तिचं म्हणणं वेगळं होतं: आमचा तुकडा घालून जे काही बनवाल, ते ज्याला द्याल त्याला त्याचा सगळा कोडही द्या, आणि त्यानं तो पुढे कोणाला दिला, बदलला, तर अडवू नका.

म्हणजे आमचं अख्खं ॲप खुलं करायचं. ज्याचा करारच गुप्ततेचा होता.

काकूंना समजावून सांगितलं तर त्या तत्काळ म्हणाल्या, "हे घरचं भांडं नाही. हे विहाराचं भगोनं आहे." विहाराची मोठी भगोनी, म्हणजे पंगतीची पातेली, काकूंच्या ताब्यात असतात. त्यांचा नियम सगळ्या कॉलनीला पाठ: त्यात जे शिजेल ते दारी येईल त्याला वाढायचं, आणि कसं केलं विचारलं तर सांगायचं. मागे एकानं समाजाचं कार्य आहे असं सांगून सगळ्यात मोठं भगोनं नेलं आणि ते निघालं एका लॉनमध्ये, जिथे दारावर पास बघून सोडत होते. काकू दोघीचौघींना घेऊन तिथे गेल्या, उकळती डाळ त्या माणसाच्याच बादल्यांत ओतून दिली आणि भगोनं डोक्यावर घेऊन परत आल्या. "डाळ त्याची, त्याले ठेवू दिली," काकू म्हणाल्या. "भगोनं विहाराचं, मी आणलं. तुमच्या कंपनीले दार बंद करून जेवायचं आहे ना? जेवा. दुसरं भांडं घ्या."

सोमवारी मी ऑफिसात सांगितलं. शेजारी बसणारा विवेक माझ्याहून लहान, पण इंजिनियर. तो म्हणाला, "दीदी, सब यही करते हैं." सरांनी ऐकून घेतलं आणि समोशाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "ऐप के अंदर कौन झाँकने आ रहा है? अगले हफ़्ते रिछाई में दिखाना है. छोड़ो इसको." सर वाईट माणूस नव्हेत. मला काम त्यांनीच दिलं होतं. त्यामुळेच मला तिथे उलट बोलता येईना. मी घरी आले, काकांना समोशासकट सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सोडून देऊ का, काका? माझ्यासारखीनं कशाला…"

"तुह्यासारखीनं म्हणजे?" काका एकदम ताडकन म्हणाले. तेवढं चिडलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "शिकली कोणाच्या भरवशावर? या फुकट देणाऱ्यायच्याच ना? मंग तूच नाही म्हणशील तं कोण म्हणंल, तो समोसा?"

आधी आम्ही सरळ मार्ग धरला: लायब्ररीच्या मूळ लेखकालाच विचारायचं, आम्हाला वेगळी परवानगी मिळेल का. मजकूर काकांनी सांगितला. त्यांच्या मजकुरात मुद्दा येईपर्यंत त्या लेखकाचे, त्याच्या आईवडिलांचे, त्याला गणित शिकवणाऱ्या अज्ञात गुरुजींचे आणि त्यांच्या गावी वीज पुरवणाऱ्या सर्वांचे आभार मानून झाले होते. मी इंग्रजी करताना वीजवाले गाळले, पण गुरुजी राहू दिले. मला खात्री होती की उत्तर येणार नाही. उत्तर आलं. तो कुठल्याशा थंड देशातला माणूस. त्यानं लिहिलं होतं, की असं कोणी विचारत नाही, विचारल्याबद्दल आभार. गुरुजींना निरोप पोचवतो. पण परवानगी देता येणार नाही, कारण या लायब्ररीत कित्येकांचे हात लागलेत आणि त्या सगळ्यांच्या वतीनं 'हो' म्हणायचा मला अधिकार नाही.

मी डोकं धरून बसले. काका मात्र खुर्चीत टाळी वाजवून उठले. "वा रे पठ्ठ्या! बरोबर बोलला! एकट्याचं नाहीच ते!" नकार ऐकून इतका खूष झालेला माणूस मी पुन्हा पाहणार नाही.

मग उरला एकच रस्ता: ती लायब्ररी काढायची आणि नावाएवढीच अट असलेली दुसरी बसवायची. त्यासाठी वेळ हवा होता. वेळ सरांकडे होता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकात उभे. "चल. पालक म्हणून येतो." मी नको नको म्हणत राहिले, ते रिक्षात बसून सरकणाऱ्या माणसाचे आभार मानत राहिले.

सरांच्या केबिनमध्ये काका बसले नाहीत. आभारप्रदर्शन उभ्यानं करायचं असतं. "सर जी, पहले तो आपका आभार, कि आपने काग़ज़ नहीं देखा, काम देखा. आपकी माता जी का आभार, कि ऐसा बेटा बनाया. नीचे मिठाई वाले भैया का आभार, ज़ीने में बत्ती लगा रखी है, नहीं तो मैं गिरता." सर उठून उभे राहिले. कोणीतरी आपल्या आईचे आभार मानत असताना बसून राहणं कठीण असतं. "अब बात इतनी सी है, सर जी. आपकी दुकान का नाम बड़ा होगा. होना ही चाहिए. तो उसके नीचे किसी और के घर का बरतन काहे को दबा के रखना? कल कोई पहचान लेगा तो बरतन तो जाएगा ही, नाम भी जाएगा. बच्ची कह रही है, दूसरा बरतन लगा देगी. थोड़ा टाइम दे दीजिए."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "दूसरी वाली से लेबल पढ़ लेगा?"

"पढ़ लेगा, सर," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मला काहीच खात्री नव्हती.

"संघटन वालों से एक हफ़्ता और माँग लेता हूँ. उसके बाद नहीं. नहीं हुआ, तो पुरानी वाली ही जाएगी, और फिर तुम…" सर थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते आठवडाभर मीच मनात पुरं करत राहिले, रोज नव्या तऱ्हेनं.

दुसरी लायब्ररी गरीब स्वभावाची होती. पांढऱ्याशुभ्र कागदावरचं लेबल ती छान वाचायची, पण रिछाईतलं लेबल म्हणजे त्यावर ग्रीस, लोखंडाचा कीस, कोणाच्या तरी अंगठ्याचा काळा ठसा. मला तसली लेबलं हवी होती. काका सकाळी डबा घेऊन रिछाईत जायला लागले, जणू पुन्हा नोकरीला लागले. कारखान्याच्या दारात उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "भैया, कोई गंदा लेबल हो तो देना, जितना गंदा उतना अच्छा." पहिल्या दिवशी चौकीदारानं त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकीदारानं त्यांच्यासाठी फाटलेली लेबलं बाजूला ठेवली होती, कारण हाकलताना काकांनी त्याचे आभार मानले होते, आणि तो म्हणे घरी जाऊन त्याचाच विचार करत राहिला.

घरातल्या जेवणाच्या टेबलावर ग्रीसच्या लेबलांची पंगत बसली. काकूंनी जुनी चादर अंथरून दिली आणि ती खराब झाली तेव्हा दुसरी दिली. मधल्या काळात त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. मी चित्रातला काळोख कमी करणारा, पुसट रेघा जोडणारा भाग स्वतः लिहायला घेतला. शाळेत भूमिती सुटली होती, ती इथे बसून पुन्हा शिकले. काका एकेक लेबल खिडकीच्या उजेडात धरायचे. न वाचलं गेलं तर म्हणायचे, "होईल, होईल, त्यालेही वेळ लागते." वाचलं गेलं की लेबलाला म्हणायचे, "धन्यवाद." काकांच्या हातात सगळ्यात काळं, अर्धं फाटलेलं लेबल उरलं होतं. मी कोड बदलत होते, काका ते धरून उभे होते; हात दुखला तर हात बदलायचे, पण खाली ठेवायचे नाहीत. काकू म्हणाल्या, "ठेवा ना खाली, जेवण थंड होऊन राहिलं." ते म्हणाले, "पोरगी उठंल तेव्हा उठतो." शेवटी फोन टुंग वाजला. काका त्या लेबलाला धन्यवाद म्हणायचंही विसरले. नुसते खुर्चीवर बसले आणि मनगट चोळत राहिले.

रिछाईत ॲप चाललं. नोकरी पक्की झाली. ॲपच्या तळाशी मी नावांचं पान केलं, प्रत्येक लायब्ररी, तिच्या लेखकांची नावं, त्यांची चिठ्ठी जशीच्या तशी. सरांना विचारलं, की त्याखाली लेबलं देणाऱ्यांची नावंही घालू का. सर म्हणाले, "वहाँ कौन जाता है? डाल दो." तर तिथे पहिल्याच दिवशी सगळे गेले. चौकीदार, लेथ चालवणारा खरादवाला, गोदामातली ताई. एकमेकांना दाखवत होते, परदेशी नावांच्या रांगेत आपलं नाव कुठे बसलंय ते. चौकीदारानं आपल्या नावाचा फोटो काढून गावी पाठवला. चादरींसाठी काकूंचंही नाव आहे. त्या म्हणतात त्यांना त्याचं काही नाही, आणि शेजारणींना दाखवतात.

काकांचं नाव मात्र नाही. मी ते सगळ्यात वर टाइप केलं होतं. त्यांनी वाचलं, आणि ज्या अंगठ्यानं ते रोज सकाळी नावं वाचतात त्याच अंगठ्यानं पुसून टाकलं. "आभार मानणाऱ्याचं नाव नसते त्याच्यात," म्हणाले. "तसा रिवाज नाही." मी भांडले, रडले. त्यांनी मला पाणी आणून दिलं, पण ऐकलं नाही. या लेखात नाव घालू का म्हणून परवा विचारलं तरी उत्तर तेच. आता ते थोडे थकलेत. रिछाईपर्यंत जाववत नाही, विहारात माईकपाशी बोलताना मध्ये थांबावं लागतं, आणि सगळे गप्प बसून पुढच्या नावाची वाट बघतात.

पण मी एक ठरवलंय. कंपनीचं काम कंपनीचं. सुट्टीच्या दिवशी, माझ्या स्वतःच्या वेळात, मी मळकी लेबलं वाचणारी एक लायब्ररी नव्यानं लिहिते आहे. अजून ती अडखळते. पण एक दिवस पुरी होईल आणि मी ती जगाला फुकट देईन: घ्या, वापरा, विका, माझी काही हरकत नाही. फक्त तिच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीवर एक नाव असेल, महाराजपुरच्या एका माणसाचं, पुरं नाव, वडिलांच्या नावासकट. आणि ते नाव सोबत ठेवण्याची अट असेल, जी कोणालाही मोडता यायची नाही, त्यांना स्वतःलाही. काका, तेवढं तुमचं देणं माझ्याकडे आहे. मी ते फेडीन.